ज्यांच्यावर औषध पारखलें गेलें

आमचे शेजारी नाना हे एका सरकारी कचेरींतून निवृत्त झालेले गृहस्थ. गेलीं बारा वर्षें त्यांना मधुमेह आहे व जोडीला रक्तदाबही आहे; म्हणजे आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरांतून साठीच्या पुढें कोणाना कोणाला जें दुखणें असतेंच, तेंच त्यांचें दुखणें. मागच्या महिन्यांत एके संध्याकाळीं ते हातांत कागदांची एक चळत घेऊन आमच्याकडे आले. ज्या रुग्णालयांत ते नेहमीं जातात तेथें मधुमेहावरील एका नव्या औषधाची चाचणी सुरू व्हावयाची आहे, आणि तींत सामील होतां काय असें त्यांना विचारण्यांत आलें आहे. चौदा पानांचें माहितीपत्रक. शेवटच्या पानावर सहीची जागा. नानांनीं तें दोनदां वाचलें होतें व पेन्सिलीनें एका परिच्छेदाखालीं रेघ ओढली होती. सामील होणाऱ्या रोग्यांचे दोन गट करण्यांत येतील; एकास नवें औषध मिळेल, दुसऱ्यास सध्यां चालू असलेलें; कोणी कोणत्या गटांत जावयाचें हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरेल; आणि तें रोग्यासही कळणार नाहीं व डॉक्टरांसही कळणार नाहीं, असा त्या परिच्छेदाचा आशय होता.

"प्रोफेसर, तुम्ही इतिहास शिकवतां," नाना म्हणाले, "मला एवढेंच सांगा, ही काय सोरट आहे? औषध चांगलें असेल तर तें सर्वांना द्यावें. वाईट असेल तर कोणालाच देऊं नये. आपण काय देतों हें ज्या डॉक्टरला ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं मान द्यायची तरी कशी?"

ही शंका एकट्या नानांची नव्हे. आज आपल्या देशांतील लहानमोठ्या शहरांतून मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात अशा नित्याच्या दुखण्यांचे रोगी अशा चाचण्यांसाठीं बोलाविले जातात, आणि त्यांतील पुष्कळांच्या मनांत ती असते. तिचें वैद्यकीय उत्तर देण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु या शंकेस सुमारें पावणेतीनशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांतील कांहीं महत्त्वाचीं पानें मुंबई, बडोदें, मद्रास व मराठवाडा येथें लिहिलीं गेलीं आहेत. तो इतिहास वाचणारास एक गोष्ट प्रकर्षानें जाणवते: औषधाचा गुण मोजावा कसा हें मनुष्य बऱ्याच लवकर शिकला, परंतु ज्याच्यावर तो मोजावयाचा त्यास आधीं विचारावें, हें शिकावयास त्यास फार उशीर लागला. नानांच्या हातांतील कागदावर या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. म्हणूनच तो कागद समजून घेण्यासारखा आहे.

प्रथम मोजण्याचा विचार करूं. औषध चांगलें आहे हें कळतें कसें? रोग असा असेल कीं त्यांतून कोणीच वांचत नाहीं, तर एक रोगी वांचला तरी पुरे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर पाश्चरनें इ. स. १८८५ मध्यें लस टोचली तेव्हां एका मुलाचा जीव वांचल्याची वार्ता जगाला हलवून गेली, ती याच कारणानें. परंतु नित्याच्या दुखण्यांची जात वेगळी. तीं कधीं आपोआप उतरतात, कधीं पथ्यानें उतरतात, कधीं ऋतु पालटला म्हणून उतरतात. दहा जणांना औषध दिलें व सात बरे झाले, यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. न देतांही सात बरे झाले असते कीं काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. गुण औषधाचा कीं काळाचा, हें ओळखावयाचें तर ज्यांना औषध दिलें नाहीं अशीं, पण इतर सर्व बाबतींत तशींच, माणसें शेजारीं उभीं करून पाहिलें पाहिजे. दुखणें जितकें सामान्य तितकीं हीं माणसें अधिक लागतात. नानांसारख्या शेंकडों लोकांस आज बोलावणें येतें याचें कारण हेंच.

ही युक्ति प्रथम नीट योजली ती जेम्स लिंड या इंग्रज नौदलांतील शल्यवैद्यानें. इ. स. १७४७ च्या मे महिन्यांत 'सॉल्सबरी' या लढाऊ जहाजावर स्कर्व्हीची सांथ पसरली होती. हिरड्या सडत, गुडघ्यांतील बळ जाई, आणि दूरच्या सफरींत या रोगानें शत्रूच्या तोफांपेक्षां अधिक खलाशी मरत. लिंडनें शक्य तितके सारख्या स्थितींतील बारा रोगी निवडले, त्यांस एके जागीं ठेविलें, एकच अन्न दिलें, आणि त्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीस निराळा उपाय दिला. कोणास सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणास शिरका, कोणास समुद्राचें पाणी. एका जोडीस दररोज दोन संत्रीं व एक लिंबू. सहा दिवसांत फळें संपलीं; परंतु तेवढ्यांत त्या जोडींतील एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला, व दुसरा इतर आजाऱ्यांची शुश्रूषा करूं लागला. लिंडचा ग्रंथ इ. स. १७५३ मध्यें छापला गेला, आणि नौदलांत लिंबाचा रस सर्रास देण्याचा हुकूम निघण्यास इ. स. १७९५ साल उजाडलें. सत्य हातीं आल्यावरही त्याचा अंमल होण्यास बेचाळीस वर्षें लागलीं, ही गोष्ट तर शोचनीयच. परंतु आणखीही एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. समुद्राचें पाणी कोणीं प्यावें व संत्रें कोणीं खावें याविषयीं त्या बारा खलाशांस कोणीं विचारलें असेल, असें संभवत नाहीं. जहाजावर हुकूम चालतो. आणि रोगीही हुकुमाचा ताबेदारच समजला जात असे.

यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं हीच युक्ति मुंबईस आली. इ. स. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं प्लेगचें निदान केलें, आणि पुढील दोनचार महिन्यांत अर्धें शहर आपापल्या गांवाची वाट चालूं लागलें. त्याच ऑक्टोबरांत व्लादिमीर हाफकिन हा शास्त्रज्ञ मुंबईस आला. तो ओडेसा येथें जन्मलेला यहुदी, पॅरिस येथील पाश्चरच्या संस्थेंत तयार झालेला. पटकीवरील लस त्यानें याआधींच हिंदुस्थानांत हजारों लोकांस टोचली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजांतील एका लहानशा जागेंत त्यानें प्लेगची लस सिद्ध केली, आणि ता. १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःसच टोचून घेतली. त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला. तेथें स्वखुषीनें पुढें आलेल्या सुमारें दीडशें कैद्यांस त्यानें लस टोचली. त्याहून थोडे अधिक कैदी न टोचलेले राहिले. भिंती त्याच, अन्न तेंच, हवा तीच. पुढें न टोचलेल्यांत बारा जणांस प्लेग झाला व त्यांतील सहा दगावले. टोचलेल्यांत दोघांसच झाला व दोघेही वांचले.

येथें थोडें थांबावयास हवें. 'स्वखुषीनें' हा शब्द त्या वेळच्या सर्व हकीकतींत येतो. परंतु तुरुंगांतील मनुष्याची खुषी ती किती? ज्याला उठण्याबसण्याचीही मोकळीक नाहीं, त्यानें पुढें केलेला दंड मोकळ्या माणसाच्या दंडासारखा मानतां येईल काय? त्या काळच्या मुंबईचें वातावरणही आठवावें. ऑक्टोबर १८९६ मध्यें गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला केला होता, कारण तेथें नेलेला मनुष्य परत येत नाहीं अशी समजूत पसरली होती. पुण्यांत गोरे शिपाई घरोघर शिरले, देवघरापर्यंत गेले, आणि ता. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली, हें सर्वांस विदित आहे. रोगापासून वांचविण्यासाठीं म्हणून जें केलें जात होतें तें न विचारतां केलें जात होतें. आणि लोकांचा संताप रोग्याच्या हितापेक्षां या न विचारण्यावर होता. अशा काळांत हाफकिननें लस सक्तीची करूं नये असा आग्रह धरला, हें त्याच्या मोठेपणाचें लक्षण होय.

शास्त्राच्या दृष्टीनेंही भायखळ्याच्या आंकड्यांत एक उणीव होती. जे आपण होऊन पुढें आले ते कदाचित् मुळांतच अधिक धडधाकट किंवा अधिक सावध असतील. ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न पुढील वर्षीं बडोदें संस्थानांत झाला. बडोद्याजवळ उंढेरा नांवाचें गांव आहे. वस्ती तेव्हां साडेनऊशेंच्या आसपास. फेब्रुवारी १८९८ मध्यें तेथें प्लेग चालू असतांना हाफकिन व त्याचे सहकारी घरोघर गेले, आणि प्रत्येक कुटुंबांतील साधारण निम्म्या माणसांस लस टोचून निम्म्यांस तशींच राहूं दिलीं. एकूण ५१३ जणांस लस मिळाली. सुमारें सहा आठवड्यांनीं पाहणी झाली तेव्हां अठ्ठावीस कुटुंबांत प्लेग शिरल्याचें आढळलें. या कुटुंबांतील टोचलेल्या ७१ जणांपैकीं आठ आजारी पडले व तीन मरण पावले. न टोचलेल्या ६४ पैकीं सत्तावीस आजारी पडले व सव्वीस मरण पावले.

इतका स्वच्छ पुरावा तोंवर क्वचितच कोणाच्या हातीं लागला असेल. परंतु हे आंकडे वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें एखादें घर उभें राहतें. एकच ओटी, एकच चूल. थोरला टोचलेला, धाकटा न टोचलेला. आणि सहा आठवड्यांनंतर त्यांतील एक नाहीं. त्या सव्वीस मृतांमुळें पुढें लाखो लोक लस घेण्यास धजले, हें खरें. त्यांचा हा उपकार आपल्यावर आहे, हेंही खरें. तथापि तो उपकार त्यांनीं समजून उमजून केला होता काय, याचें उत्तर आंकड्यांच्या तक्त्यांत मिळत नाहीं. पुढें इ. स. १९०२ मध्यें पंजाबांतील मुलकोवाल येथें एका बाटलींतील दूषित लशीनें एकोणीस माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिनवर आला आणि तो निर्दोष ठरण्यास इ. स. १९०७ उजाडावें लागलें. परळ येथील त्याच्या प्रयोगशाळेस इ. स. १९२५ पासून त्याचें नांव आहे. उंढेऱ्याच्या त्या अठ्ठावीस घरांचें नांव मात्र कोठेंच नाहीं.

आतां नानांच्या सोरटीकडे येऊं. चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे गट करण्याची पद्धति वैद्यकांत रूढ झाली ती मुख्यतः लंडन येथें, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटीं. स्ट्रेप्टोमायसिन हें औषध इ. स. १९४३ मध्यें अमेरिकेंत सांपडलें होतें. क्षयाच्या जंतूंवर तें चालतें असें दिसत होतें. परंतु युद्धानें खंगलेल्या इंग्लंडपाशीं तें विकत घेण्यास पुरेसे डॉलर नव्हते. सर्वांना देणें शक्यच नव्हतें. तेव्हां तेथील वैद्यकीय संशोधन मंडळानें ठरविलें कीं, जितकें आहे तितकें असें वांटावें कीं त्यांतून कांहीं निश्चित कळेल. ही योजना ज्यानें आंखली तो ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल हा स्वतः डॉक्टर नव्हता. पहिल्या महायुद्धांत त्याला क्षय जडला, वैद्यकाचा अभ्यास करण्याची आशा सोडावी लागली, व तो संख्याशास्त्राकडे वळला. त्यानें गणिती आंकड्यांच्या तक्त्यावरून चिठ्ठ्या तयार करून त्या बंद पाकिटांत ठेविल्या. रोगी दाखल करून घेण्याचें ठरल्यावरच पाकीट फोडावयाचें. यांतील मर्म असें: डॉक्टर हाही मनुष्यच, ज्याच्या बरें होण्याची आशा त्यास वाटते, त्याला तो नकळत आपल्या आवडत्या औषधाच्या गटांत घालतो. ही ओढ मोडण्यासाठींच चिठ्ठी. जो निवाडा करावयाचा त्या निवाड्यांतून स्वतःच्या आवडीनिवडीस बाहेर ठेवण्याचा तो नियम आहे.

एकंदर १०७ रोगी घेतले गेले. ५५ जणांस स्ट्रेप्टोमायसिन व अंथरुणावर विश्रांति. ५२ जणांस नुसती विश्रांति, म्हणजे त्या वेळीं सर्वांना मिळे तीच चिकित्सा. सहा महिन्यांनीं पहिल्या गटांतील चार मरण पावले होते, दुसऱ्यांतील चौदा. ऑक्टोबर १९४८ मध्यें हा वृत्तांत प्रसिद्ध झाला आणि औषधाचा विजय निर्विवाद वाटला. परंतु पांच वर्षांनीं पुन्हां मोजदाद झाली तेव्हां पहिल्या गटांतील बत्तीस आणि दुसऱ्यांतील पस्तीस मरण पावलेले आढळले. क्षयाच्या जंतूंनीं औषधास न जुमानण्याची शक्ति मिळविली होती. 'औषध चांगलें असेल तर सर्वांना द्यावें' या नानांच्या म्हणण्याचें उत्तर या दोन आंकड्यांत आहे. तें औषध चांगलेंही होतें व अपुरेंही होतें. एकट्यानें दिलें तर तें दगा देतें, दुसऱ्या औषधाच्या जोडीनें दिलें तर तारतें, हें कळलें तें नीट मोजल्यामुळें, आणि पुढेंही मोजीत राहिल्यामुळें.

परंतु या आदर्श समजल्या जाणाऱ्या चाचणींतही त्या बावन्न रोग्यांना आपण कसल्या चाचणींत आहों हें शेवटपर्यंत सांगितलें गेलें नव्हतें. ही गोष्ट लपविलेली नाहीं; त्या वृत्तांतांतच ती सरळ नमूद आहे. त्या काळच्या सज्जन डॉक्टरांना त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं. आणि योगायोग असा कीं, हे रोगी रुग्णालयांतून अंथरुणावर पडून होते त्याच वर्षीं, म्हणजे ऑगस्ट १९४७ मध्यें, न्यूरेंबर्ग येथें छळछावण्यांतील कैद्यांवर अमानुष प्रयोग करणाऱ्या जर्मन डॉक्टरांचा निकाल लागला. त्या निकालपत्रांत माणसावर प्रयोग करण्याचे दहा नियम घातले आहेत, व त्यांतील पहिला असा आहे कीं, ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची स्वेच्छेनें दिलेली संमति सर्वथा आवश्यक आहे. लंडनचे डॉक्टर व न्यूरेंबर्गचे आरोपी यांना एका मापानें मोजणें हा घोर अन्याय होईल. परंतु मोजण्याची विद्या व विचारण्याचा धर्म हीं दोन्हीं एकाच वर्षीं जगापुढें आलीं आणि एकमेकांस भेटलीं नाहींत, हें इतिहासकारास नोंदवावेंच लागतें.

तीं न भेटल्याचा परिणाम किती दारुण होतो हें अमेरिकेंत दिसलें. आलाबामा संस्थानांतील टस्कीगी येथें इ. स. १९३२ मध्यें उपदंश झालेल्या ३९९ व न झालेल्या २०१ गरीब नीग्रो पुरुषांस सरकारी आरोग्यखात्यानें निरीक्षणाखालीं ठेविलें. तुमचें रक्त बिघडलें आहे, त्यावर फुकट उपचार करूं, असें त्यांस सांगण्यांत आलें. मयताच्या खर्चाचीही हमी दिली गेली. खरें उद्दिष्ट, उपचार न केल्यास रोग कसा वाढतो हें पाहण्याचें होतें. पुढें पेनिसिलिन हा खात्रीचा उपाय निघाला, तरीही तो त्यांना दिला गेला नाहीं. इ. स. १९७२ मध्यें वृत्तपत्रांनीं वाचा फोडली तेव्हां हा प्रकार थांबला, आणि इ. स. १९९७ मध्यें राष्ट्राध्यक्षांनीं जाहीर क्षमा मागितली. येथें मोजणारे चाळीस वर्षें मोजीत राहिले. विचारणें तर दूरच. मुद्दाम फसविणें झालें.

यानंतर मद्रासकडे पाहिलें म्हणजे मनास बरें वाटतें. इ. स. १९५६ मध्यें तेथें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना व ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळ यांनीं मिळून क्षयोपचाराचें एक केंद्र उघडलें. त्या वेळीं क्षयाचा उपचार म्हणजे आरोग्यधाम: उंचावरची हवा, दूध, अंडीं, आणि महिनोन् महिने सक्तीची विश्रांति. आपल्याकडे मिरज व पांचगणी हीं नांवें उच्चारतांच जुन्या पिढीच्या अंगावर कांटा येई, तो याच कारणानें. परंतु क्षय हा मुख्यतः गरिबांचा रोग. आरोग्यधामांतील खाटा मूठभर आणि रोगी लाखो. तेव्हां केंद्रानें अगदीं साधा प्रश्न विचारला: हाच रोगी आपल्या घरीं राहून नियमानें गोळ्या घेईल तर बरा होईल कीं नाहीं?

मद्रास शहराच्या गरीब वस्त्यांतील १९३ रोगी घेतले. चिठ्ठीनें त्यांचे दोन भाग झाले. निम्मे आरोग्यधामांत गेले. निम्मे आपल्या दाटीवाटीच्या घरांतच राहिले. दोघांसही आयसोनायझिड व 'पास' हीं तींच औषधें वर्षभर. घरच्या रोग्याला दूधअंडीं मिळालीं नाहींत, विश्रांति मिळाली नाहीं, कित्येकांना पोटासाठीं कामावर जावें लागलें. औषध खरोखर पोटांत जातें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं केंद्राचीं माणसें न सांगतां घरीं जात व लघवी तपासून घेत. वर्षअखेरीस आरोग्यधामांतील शेंकडा ९२ व घरांतील शेंकडा ८६ रोग्यांच्या थुंकींतून जंतु नाहींसे झाले होते. घरांतील मुलांबाळांना अधिक लागण झाली काय, तेंही पुढें पांच वर्षें तपासलें, झाली नव्हती. इ. स. १९५९ मध्यें हा वृत्तांत निघाला आणि क्षयी माणसाला घरापासून तोडण्याची प्रथा सगळ्या जगांत हळूहळू मोडली. इ. स. १९६२ च्या आपल्या राष्ट्रीय क्षयनिवारण योजनेचा पाया हाच आहे. आरोग्यधामाची पायरी चढण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला नाहीं असे आजचे असंख्य क्षयरोगी बऱ्याच अंशीं त्या १९३ जणांचे ऋणी आहेत. विशेष हें कीं, या चाचणीचा प्रश्न रोग्याच्या गरजेंतून निघाला होता, आणि तिचें फळ रोग्याच्याच दारांत पडलें.

आपल्या मराठवाड्यांतील उदाहरण याहून अलीकडचें व अधिक अवघड आहे. इ. स. २००० च्या सुमारास मुंबईच्या टाटा रुग्णालयानें बार्शी येथील कर्करोग रुग्णालयाच्या व परदेशी संशोधकांच्या साहाय्यानें तेव्हांच्या उस्मानाबाद, आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीं एक प्रचंड चाचणी केली. तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया, गांवांचे ५२ समूह, चार गट. तीन गटांत तीन निरनिराळ्या तऱ्हांनीं एकदांच तपासणी. चवथ्या गटांतील स्त्रियांस माहिती सांगितली, तपासणी कोठें होते हें सांगितलें, परंतु मुद्दाम तपासणी केली नाहीं. सुमारें आठ वर्षांनीं असें आढळलें कीं, विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत या कर्करोगानें ३४ मृत्यु झाले, तर चवथ्या गटांतील ३१,४८८ स्त्रियांत ६४. आयुष्यांत एकदां केलेली तपासणी मृत्यूचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणते, हें जगाला कळलें तें शेतांत खुरपणाऱ्या या बायकांमुळें.

परंतु त्या चौसष्ट जणींचें काय? तपासणीनें जीव वांचतो असा तर्क होताच, मग एका गटास तींतून वगळणें कितपत न्याय्य, असा आक्षेप देशांत व परदेशांत घेतला गेला. उलट पक्षीं असें म्हणतात कीं, त्या जिल्ह्यांत कोणत्याच स्त्रीला तपासणी मिळत नव्हती, आणि एकदांच केलेल्या तपासणीचा गुण खरोखर येतो कीं नाहीं हें कोणासच निश्चित ठाऊक नव्हतें. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आमच्या मतें उत्तराचा खरा भाग चाचणी संपल्यानंतरच्या वर्तनांत आहे. ज्यांच्या जिवावर हें ज्ञान मिळालें, त्यांच्या गांवांपर्यंत तें परत पोंचविणें हें ज्ञानाचा लाभ घेणाऱ्या सर्वांवरील देणें आहे. आणि हें देणें आपण अजून पुरतें फेडलेलें नाहीं.

विचारण्याचा धर्म आपल्या कायद्यांत उतरण्यासही ठेंचा खाव्या लागल्या. इ. स. २००९-१० मध्यें आंध्र व गुजरात येथें शाळकरी मुलींना याच कर्करोगाची लस देण्याचा प्रयोग झाला. तो मध्येंच थांबविण्यांत आला. ज्या मुली त्या काळांत मरण पावल्या त्यांच्या मृत्यूचा लशीशीं संबंध चौकशींत आढळला नाहीं. परंतु कित्येक संमतिपत्रांवर आईबापांच्याऐवजीं वसतिगृहाच्या व शाळेच्या अधिकाऱ्यांनीं सह्या केल्याचें उघडकीस आलें. पुढें संसदेच्या समितीनें ताशेरे झाडले, सर्वोच्च न्यायालयानें लक्ष घातलें, आणि इ. स. २०१९ मध्यें नवे नियम झाले. त्यांप्रमाणें प्रत्येक चाचणीस नीतिसमितीची मान्यता लागते, आणि त्या समितींत डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारा व सामान्य नागरिकही असावा लागतो. चाचणीमुळें इजा झाल्यास उपचार व भरपाई देणें बंधनकारक आहे. आणि चाचणीची नोंद सर्वांस पाहतां येईल अशा सरकारी दप्तरांत आधींच करावी लागते. नियम कागदावर असणें व अंमलांत असणें यांत अंतर असतें, हें सरकारी कचेरींत हयात घालविलेल्या नानांस आम्हीं सांगावयास नको होतें.

हें सर्व त्यांना सांगितल्यावर नाना कांहीं वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे चिठ्ठी टाकणें वाईट नाहीं. न विचारतां टाकणें वाईट." आम्हीं म्हटलें, तसें म्हणावयास हरकत नाहीं. सही करा किंवा करूं नका, असें मात्र आम्हीं सांगितलें नाहीं. तो निर्णय त्यांचा. एवढेंच सुचविलें कीं, तीन गोष्टी विचाराव्या. मध्येंच बाहेर पडावेंसें वाटलें तर नेहमींचे उपचार चालू राहतील ना? इजा झाली तर जबाबदारी कोणाची? आणि नवें औषध चांगलें ठरलें, तर चाचणीनंतर तें आपल्याला मिळेल काय?

पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें त्या चौदा पानांत होतींच. तिसऱ्याचें नव्हतें. नानांनीं तो प्रश्न समासांत स्वच्छ अक्षरांत लिहिला, खालीं तारीख घातली, आणि कागद परत नेऊन दिला. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं तो वरिष्ठांकडे पाठविला, व आठ दिवसांनीं लेखी उत्तर आलें. तें वाचून नानांनीं सही केली. आपल्याला कोणती गोळी मिळते हें त्यांना आज ठाऊक नाहीं. त्यांच्या डॉक्टरांनाही नाहीं. सही केलेल्या कागदाची एक प्रत मात्र त्यांनीं मागून घेतली आहे, आणि ती पेन्शनच्या कागदांबरोबर कपाटांत जपून ठेविली आहे.